स्लाइड हातात घेऊन लिहायचा इतिहास

जॅझमधल्या ट्रॉम्बोनचा इतिहास लिहायला घेतला तेव्हापासून एक नियम पाळतेय, ज्या सोलोबद्दल (एकट्याने वाजवलेल्या तुकड्याबद्दल) लिहायचं तो आधी स्वतः वाजवून बघायचा. जमेल तसा, अर्ध्या लयीत का होईना, पण वाजवल्याशिवाय त्याच्यावर एक ओळसुद्धा टाइप करायची नाही. यामुळे काम फार हळू चालतं हे खरंय, पण या वाद्याबद्दल जे लिहिलं जातं त्यातलं बरंचसं नुसतं ऐकून लिहिलेलं असतं, आणि कानाला जे कळतं आणि हाताला जे कळतं यात फरक आहे. ट्रॉम्बोनच्या बाबतीत तर खूपच आहे.

मी म्हापशाची. वाजवते ते बहुतेक लग्नं, फेस्तं, आणि पणजीकडे एखादा जॅझचा कार्यक्रम असला तर तिथे. लग्नांचा सीझन संपला की पाऊस सुरू होतो, मग चवथीपर्यंत हातात वेळ असतो, तेव्हाच हे लिखाण होतं. पावसाळ्यात गोव्यात ट्रॉम्बोन सांभाळणं म्हणजे वेगळाच व्याप, केसच्या आतल्या मखमलीला बुरशी धरते, चार दिवस हात लावला नाही तर स्लाइड जड होते, मग आतल्या नळ्या पुसा, क्रीम लावा, वरून पाण्याचा स्प्रे मारा, तेव्हा कुठे ती पुन्हा हवी तशी धावते.

ज्यांनी हे वाद्य जवळून बघितलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते, कारण पुढचं सगळं यावरच आहे. ट्रम्पेटला तीन व्हॉल्व्ह असतात, बोटाने दाबले की सूर बदलतो. ट्रॉम्बोनला तसं काही नाही, एका नळीवर दुसरी नळी पुढेमागे सरकते, तीच स्लाइड, बस. सगळी नळी सरळ केली तर साधारण 2.7 मीटर भरेल. अर्धा सूर खाली यायचं तर ती लांबी साधारण 6 टक्क्यांनी वाढायला हवी, म्हणजे 16 सेंटिमीटर, आणि स्लाइडला दोन बाजू असल्यामुळे हात त्याच्या निम्मा म्हणजे 8 सेंटिमीटर पुढे न्यायचा. पुढच्या अर्ध्या सुराला थोडं जास्त, त्याच्या पुढच्याला अजून थोडं जास्त, अशा एकूण 7 जागा, त्यांना पोझिशन म्हणतात. स्लाइडवर खूण कुठेही नसते, सगळा कानाचा हिशोब. आणि एकाच पोझिशनवर ओठ कमीजास्त ताणून वेगवेगळे ठराविक सूर निघतात. सातवी पोझिशन पहिलीपासून अर्ध्या मीटरहून जास्त लांब आहे, माझा हात तिथे सुखासुखी पोचत नाही, खांदा पुढे काढावा लागतो. ही हाताची गोष्ट लक्षात ठेवा, पुढे तिचा संबंध येणार आहे.

7 पोझिशन म्हणजे मधे 6 अर्धे सूर. म्हणजे ओठ तसेच ठेवून, श्वास न तोडता, सलग सरकत जाता येईल असं जास्तीत जास्त अंतर किती, तर सा पासून तीव्र मध्यमापर्यंत. त्याच्या पुढे जायचं तर ओठांनी दुसऱ्या स्वरावर उडी घ्यावी लागते आणि सलगपणा तुटतो (तो तुटला हे ऐकणाऱ्याला कळू नये यातच सगळी कारागिरी). मी ज्या घरात वाढले तिथे केसरबाई आणि मोगूबाई रोज ऐकल्या जायच्या, मींड म्हणजे काय ते कुणी शिकवावं लागलं नाही, आणि शाळेत असताना पेटी वाजवायचे तेव्हा तिच्यावर मींड येत नाही याचा मला मनापासून राग यायचा. गावच्या बँडमध्ये पहिल्यांदा ट्रॉम्बोन हातात आला तेव्हा जो आनंद झाला तो यामुळे. पण मग हळूहळू लक्षात आलं की गळ्याची मींड कुठूनही कुठेही जाते आणि ट्रॉम्बोनची मींड काही ठराविक सुरांमध्येच पूर्ण मिळते. खालच्या सप्तकातल्या एफ वर (पाश्चात्त्य पद्धतीत सुरांना ए ते जी अशी नावं आहेत) सातव्या पोझिशनपासून पहिलीपर्यंत लांबच लांब चढत येता येतं. त्याच्याच शेजारच्या एफ शार्पवर तशी लांब मींड घेऊन येऊन दाखवा, नाही येत. तो सूर पाचव्या पोझिशनवर आहे, त्याच्या खाली फक्त दोन पोझिशन शिल्लक, म्हणजे एका सुराएवढीच जागा. माझ्या मते जॅझ ट्रॉम्बोनचा सगळा इतिहास या एका गोष्टीतून सांगता येतो, स्लाइड काय देते आणि काय देत नाही, आणि कुणी त्याचं काय केलं.

तर आता ट्रॉम्बोनवाला किड ओरी. जन्म 1886, लुइझियानातल्या लाप्लास गावचा, न्यू ऑर्लीन्समध्ये नाव कमावलेला. त्या काळी तिथे नाचाच्या कार्यक्रमाची जाहिरात करायला बँडला गाडीत बसवून गावभर फिरवायचे, आणि ट्रॉम्बोनवाला बसायचा अगदी मागे, मागची फळी खाली पाडून, म्हणजे स्लाइड बाहेरच्या बाजूला मोकळी राहील आणि पुढच्या माणसाच्या डोक्यात बसणार नाही. त्यावरून त्या शैलीला टेलगेट म्हणायला लागले. आमच्याकडे उलट आहे, मिलाग्रीस सायबिणीच्या फेस्ताला किंवा गावात कुणाच्या मयताला बँड चालत जातो तेव्हा ट्रॉम्बोन पहिल्या रांगेत, कारण तेच, स्लाइडला समोर जागा हवी. मयताच्या मागून बँड वाजवत जाण्याची पद्धत न्यू ऑर्लीन्सलाही आहे हे मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला त्या शहराबद्दल एकदम आपुलकी वाटायला लागली. फरक एवढाच की ते लोक दफन झाल्यावर परत येताना नाचायची धून वाजवतात, आम्ही नाही वाजवत.

नेहमीचा इतिहास असा सांगतात की ओरी आणि त्याच्या वेळचे लोक कच्चे होते, नुसते घसरत आवाज काढायचे, मग मिफ मोल आला, जिमी हॅरिसन आला, जॅक टीगार्डन आला, वाद्य सुधारलं, आणि शेवटी जे. जे. जॉन्सनने त्याला आधुनिक केलं. शिडीसारखा इतिहास, खालची पायरी कच्ची, वरची पक्की. मला हे पटत नाही, आणि न पटण्याचं कारण पुस्तकी नाही, हाताचं आहे. 1926 साली लुई आर्मस्ट्राँगच्या हॉट फाइव्ह या बँडने मस्क्रॅट रॅम्बल रेकॉर्ड केलं, त्यात ओरी काय करतो ते एकदा वाजवून बघा. कॉर्नेटकडे (ट्रम्पेटसारखंच वाद्य) मूळ चाल, क्लॅरिनेट वरून वेलबुट्टी काढतंय, आणि ट्रॉम्बोनला खालून बँडला पुढच्या कॉर्डमध्ये ढकलायचंय. आता लांब मींड कुठल्या सुरांवर मिळते हे आधीच ठरलेलं आहे, ते वाद्यानेच ठरवलंय, त्यामुळे हार्मनी कुठे चाललीय हे ओळखून, ती यायच्या आधी एखादी मात्रा हात बाहेर सहाव्या सातव्या पोझिशनला नेऊन तयार ठेवावा लागतो, आणि मग तिथून चढत बरोबर समेवर येऊन उतरायचं. बाकीचे दोघे काय करतील याची कुणी लेखी हमी दिलेली नाही. मी मेट्रोनोम लावून कितीतरी वेळ हे करत बसले. घसरणं सोपं आहे, पोचणं अवघड आहे. थोडं उशिरा निघालात की पुढचं सगळं लंगडं वाटतं. ज्या माणसाला हे दरवेळी जमतं तो कच्चा कसा? पुढच्या पिढीने दुसरं काम हातात घेतलं, ओरीचं काम त्यांनी सुधारलं असं नाही.

याच मींडेचा मला एका वेगळ्याच ठिकाणी उपयोग झाला, तो सांगायलाच हवा. जुन्या 78 च्या (मिनिटाला 78 फेरे फिरणाऱ्या) रेकॉर्ड प्रत्यक्षात बरोबर 78 च्या वेगाने कापलेल्या असतीलच असं नाही, कंपनीगणिक, कधी एकाच कंपनीत दिवसागणिक वेग इकडेतिकडे असायचा. वेग थोडा चुकला की सूर अर्ध्याने वर किंवा खाली जातो, आणि आपण इंटरनेटवर जे ऐकतो ते कुणीतरी कुठल्यातरी टर्नटेबलवर लावून डिजिटल केलेलं असतं. मग गाणं एफ मध्ये होतं का एफ शार्पमध्ये, हे कसं ठरवायचं? एकदा अशीच एक जुनी रेकॉर्ड लावून मी बरोबर वाजवायला बसले आणि त्यातली एक लांब चढती मींड मला काही केल्या जमेना, ती संपत होती एफ शार्पवर. वर सांगितलं तसं, ती तिथे असूच शकत नाही, स्लाइडवर ती जागाच नाही. म्हणजे रेकॉर्ड जलद चाललीय. वेग कमी करून मींड एफ वर आणली आणि लगेच बाकीच्या सगळ्या पोझिशन हाताला सोयीच्या आल्या, वाजवणाऱ्याने नेमकं काय केलं असेल ते दिसायला लागलं. हे कुठल्या डिस्कोग्राफीत (रेकॉर्डच्या यादीत) मिळालं नसतं, आणि नुसतं ऐकून तर अजिबात कळलं नसतं.

अजून एक, 1925 च्या आधीच्या रेकॉर्डिंगमध्ये माईकच नव्हता, सगळ्यांनी एका मोठ्या भोंग्यासमोर उभं राहून वाजवायचं, ज्याचा आवाज मोठा त्याला लांब उभा करायचे. त्यामुळे 1917 च्या ओरिजिनल डिक्सीलँड जॅस बँडच्या रेकॉर्ड ऐकून त्यात ट्रॉम्बोन मोठा होता की लहान होता यावर पानंच्या पानं लिहिण्यात काही अर्थ नाही, तो खोलीत कुठे उभा होता एवढंच आपल्याला ऐकू येतंय.

जॅक टीगार्डन. याच्याबद्दल लिहायला बसले की मला थांबवावं लागतं. 1905 मध्ये टेक्ससमधल्या व्हर्नन गावात जन्मलेला, लहानपणीच ट्रॉम्बोन हातात आला, आणि असं सांगतात की हात छोटा असल्यामुळे लांबच्या पोझिशन त्याला पोचायच्याच नाहीत, म्हणून तो जवळच्या जवळ, पहिल्या चार पोझिशनमध्येच, ओठांच्या जोरावर सूर काढायला शिकला आणि मोठा झाल्यावरही तसंच वाजवत राहिला. हे वाचून मी अक्षरशः उठून उभी राहिले होते, कारण माझं रडगाणं नेमकं तेच. मग त्याचे सोलो काढायला लागले तेव्हा दिसलं की मनगट जेमतेम हलतंय आणि सूर मात्र सगळे हजर. त्याच्या वाजवण्यातला तो निवांतपणा, कुठेही घाई नाही, गाणारा माणूस बोलता बोलता गायला लागतो तसा, तो त्या कमी हालचालीतूनच येतो असं माझं ठाम मत आहे. स्वतः गायचाही छान. 5 मार्च 1929 ला त्याने आर्मस्ट्राँगबरोबर नॉकिन अ जग रेकॉर्ड केलं, गोरे आणि काळे वादक एकत्र बसून केलेल्या सुरुवातीच्या जॅझ रेकॉर्डिंगपैकी ते एक, आणि त्यात पहिला सोलो टीगार्डनचा आहे. पुढे 1947 पासून काही वर्षं तो आर्मस्ट्राँगच्या ऑल स्टार्समध्ये होता, आणि 1958-59 मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने त्याला आशियाच्या दौऱ्यावर पाठवलं त्यात भारतही होता. त्याला समोर बसून ऐकलेले कुणी गोंयकार अजून असतील का असा विचार नेहमी येतो.

बँडप्रमुख ड्यूक एलिंग्टनच्या ट्रॉम्बोनवाल्यांवर माझं अर्ध पावसाळी बजेट खर्च झालं, म्हणजे वेळेचं. 1932 नंतरची बरीच वर्षं त्याच्याकडे एका वेळी तीन जण होते, ट्रिकी सॅम नँटन, हुआन टिझोल आणि लॉरेन्स ब्राउन, आणि तिघांचं वाद्य नावाला एक, बाकी काहीही एक नाही. ब्राउनचा सूर गुळगुळीत, भरलेला. टिझोल पोर्तो रिकोचा, तो स्लाइड वाजवायचाच नाही, व्हॉल्व्ह ट्रॉम्बोन वाजवायचा, आणि कॅरव्हॅनची प्रसिद्ध चाल त्याची, 1936 ची. ती चाल स्लाइडवर वाजवून बघितली की ती व्हॉल्व्हवाल्याची आहे हे हाताला लगेच कळतं, ते अर्ध्या अर्ध्या सुरांनी वळत उतरणं बोटांना सोपं आणि हाताला घाम फोडणारं.

आणि ट्रिकी सॅम. बेलच्या (वाद्याच्या पुढच्या भोंग्याच्या) तोंडात एक छोटा म्यूट, म्हणजे आवाज दाबायचं बूच, आणि त्याच्यावरून बाथरूमचा पाइप तुंबला की वापरतात तो रबरी वाटीचा पंप, दांडा काढून टाकलेला, डाव्या हाताने उघडझाप. म्हापशाच्या बाजारात हार्डवेअरच्या दुकानात जाऊन मी तो घेतला, दांडा नको म्हटल्यावर दुकानदार बघतच राहिला. घरी येऊन वाजवलं तर आवाज नुसता दबलेला, माणसासारखा बिलकुल नाही. बरेच दिवस गेले मग कळलं की हाताचं काम निम्मंच आहे, बाकीचं सगळं तोंडाच्या आत, जीभ आणि घसा आपण य, वा, ऊ म्हणताना जसे हलवतो तसे वाजवतानाही हलवायचे, आणि रबराची उघडझाप त्याच्याशी जुळवायची. म्हणजे तो खरोखरच वाद्यातून शब्द उच्चारत होता. 1940 च्या को को मध्ये त्याचा सोलो आहे, सूर मोजके, पण प्रत्येकाचं तोंड वेगळं. मी त्यातले पहिले काही बार जेमतेम काढू शकलेय, आणि ते प्रकरण अजून अर्धवटच ठेवलंय, नियम म्हणजे नियम.

जे. जे. जॉन्सन 1924 चा, इंडियानापोलिसचा. बीबॉप हा वेगवान जॅझ आला, सॅक्सोफोनवाला चार्ली पार्कर आणि ट्रम्पेटवाला डिझी गिलेस्पी यांच्या वेगाने सगळे वाजवायला लागले, आणि स्लाइडवर हे जमणारच नाही असं सगळ्यांना वाटत होतं. जे. जे. ने जमवलं, इतकं स्वच्छ की रेकॉर्ड ऐकून लोक म्हणायचे हा व्हॉल्व्ह ट्रॉम्बोन आहे. कसं जमवलं याचं उत्तर परत हातात आहे. वरचा डी हा सूर पहिल्या पोझिशनवर आहे, आणि तोच चौथीवरही मिळतो. असे बरेच सूर दोन दोन ठिकाणी मिळतात. सूर वर चाललेत आणि स्लाइड बाहेर चाललीय, असं उलट दिशेने वाजवलं तर प्रत्येक सूर ओठांच्या वेगळ्या थरातून निघतो आणि मधे घसरल्याचा आवाज येत नाही, जिभेने फार तोडावंही लागत नाही. म्हणजे ओरीने जी मींड कमावून घेतली होती ती जे. जे. ने तेवढीच मेहनत करून लपवली. दोघांनाही स्लाइडची पूर्ण जाण होती, नाहीतर हे झालंच नसतं. आणि 1954 पासून काई वाइंडिंग या दुसऱ्या ट्रॉम्बोनवाल्याबरोबर त्याने दोन ट्रॉम्बोनचा जो बँड केला त्यात तो कधीकधी अशी एखादी मींड मुद्दाम सोडतो की अंगावर काटा येतो. कार्ल फाँटानाने पुढे वेगासाठी जिभेचा दुसराच मार्ग काढला, डा-डल-डा-डल असे बोल तोंडात म्हणायचे, ज्यांना लहानपणी तबल्याचे बोल पाठ करायला लावले होते त्यांना हे ऐकून फार नवल वाटणार नाही.

मेल्बा लिस्टनवर मला मोठं प्रकरण लिहायचंय. 1926 चा जन्म, कॅन्सस सिटी, पुढे लॉस एंजेलिस. चाळीसच्या दशकात मोठ्या बँडच्या ट्रॉम्बोनच्या रांगेत बसलेली बाई, जवळजवळ एकटी. 1949 मध्ये गायिका बिली हॉलिडेबरोबरच्या दौऱ्यात इतके हाल झाले की तिने वाजवणं सोडलं आणि शिक्षण खात्यात नोकरी धरली, मग 1956 च्या परदेश दौऱ्यासाठी डिझी गिलेस्पीने तिला परत बोलावलं, वाजवायला आणि अरेंजमेंट (कुठल्या वाद्याने काय वाजवायचं ते) लिहायलाही. नंतर पियानोवाल्या रँडी वेस्टनबरोबर तिने जे लिहिलं त्यातले ट्रॉम्बोनचे भाग वाजवताना कळतं की हे लिहिणारा माणूस स्वतः त्या खुर्चीवर बसलेला आहे, श्वास कुठे संपतो ते तिला माहीत आहे. तिच्याबद्दल लिहिताना सगळे 'पहिली बाई' एवढंच लिहून मोकळे होतात. मला त्या भागांबद्दल लिहायचंय.

बाकी पुढची माणसं खूप आहेत, जर्मनीचा आल्बर्ट मांगेल्सडॉर्फ एक सूर वाजवत दुसरा गात दोन्हीच्या घर्षणातून तिसरा काढायचा, आणि स्टीव्ह टूरे, तो तर ट्रॉम्बोनबरोबर शंख वाजवतो, लहानमोठे वेगवेगळ्या सुरांचे, तोंडात हात घालून सूर बदलतो. शंखात आणि ट्रॉम्बोनमध्ये ओठांचं काम एकच. आमच्या घरी संध्याकाळच्या आरतीला शंख फुंकणाऱ्या काकांना मी त्याचा व्हिडिओ दाखवला, त्यांनी तो पुन्हा पुन्हा लावून बघितला.

आता आपल्याकडचं. गोव्यातल्या चर्चच्या शाळांमधून शेकडो वर्षं मुलांना सोल्फेज (नोटेशन वाचून सूर गाणं) आणि व्हायोलिन शिकवलं गेलं, त्यामुळे नोटेशन वाचणारे लोक इथे गावोगाव होते, आणि ते मुंबईला गेले. 1935 ला लिऑन ॲबी अमेरिकेतल्या काळ्या वादकांचा बँड घेऊन मुंबईच्या ताजमध्ये आला, पुढे पियानोवाला टेडी वेदरफोर्ड आला, आणि आपल्या लोकांनी ते जॅझ तिथेच शेजारी बसून उचललं. हळदोण्याचे शिक शॉकोलेट, कुडचड्याचे फ्रँक फर्नांड, रेईश मागुशचे सेबास्तियन डिसोझा, मडगावचे क्रिस पेरी, ही नावं आज लोकांना माहीत आहेत, आणि असायलाच हवीत. पण बघा, यातले बहुतेक ट्रम्पेट नाहीतर अरेंजर. ट्रॉम्बोनवाल्यांची नावं विचारली तर जाणकार ब्लास्को मोन्सोरात यांचं नाव घेतात, आणि मग बराच वेळ कुणी काही बोलत नाही. कारण उघड आहे. ट्रम्पेटकडे चाल असते, ट्रॉम्बोन रांगेत बसून खालचा आधार देतो, आणि हिंदी सिनेमाच्या श्रेयनामावलीत वादकांची नावं द्यायची पद्धतच नव्हती. 1963 च्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये एलिंग्टनचा बँड भारतात आला, मुंबईतही वाजवलं, लॉरेन्स ब्राउन त्या रांगेत होता. धोबीतलावच्या कुडांमध्ये (गोंयकारांच्या गावोगावच्या सामायिक खोल्यांमध्ये) राहणारे आमचे ट्रॉम्बोनवाले तेव्हा काय वाजवत होते, कसं वाजवत होते, ते कुठे लिहिलेलं आहे?

याचं थोडंसं उत्तर मला बार्देशातल्या एका अंकलकडे मिळालं. नाव देत नाही, त्यांना नको आहे. तरुणपणी मुंबईला स्टुडिओत, नंतर जहाजावरच्या बँडमध्ये वाजवलेले, आता दम लागतो म्हणून वाजवत नाहीत, पण मी वाजवायला बसले की शेजारी खुर्ची ओढून बसतात. मी सातव्या पोझिशनला खांदा काढला की म्हणतात, "बाय, हात लांबय नाका, सूर लागीं हाड." (हात लांबवू नको, सूर जवळ आण.) त्यांच्याकडे एका पत्र्याच्या पेटीत जुने पार्ट (एकेका वादकाच्या नोटेशनचे कागद) आहेत, हाताने लिहिलेले, वाळवीने कडा खाल्लेले. नोटेशन वाचायला सोपं आहे, ते अरेंजरने लिहिलंय, कुणालाही वाचता येईल. पण सुरांच्या डोक्यावर पेन्सिलने बारीक आकडे आहेत, अंकलचे स्वतःचे, आणि एका पार्टमध्ये डी च्या डोक्यावर, जिथे कुणीही डोळे मिटून 1 वाजवेल, तिथे 4 लिहिलंय. त्याच्या आधीचा सूर बी, तो पण 4 वर, म्हणजे हात हलवायचाच नाही, नुसते ओठ. मी विचारलं हे कुठे शिकलात, तर म्हणाले कुणी शिकवलं नाही, रेकॉर्डिंगच्या टेकच्या आधी पार्ट हातात मिळायचा, तालीम एखाद्यावेळीच, चुकलं तर सगळ्या ऑर्केस्ट्राला परत वाजवावं लागायचं, मग डोकं चालतं. तिकडे जे. जे. जॉन्सन जे करत होता तेच हे, इथे मुंबईत, कुणालाही न सांगता, पेन्सिलने.

त्या दिवसापासून माझ्या लिखाणात गोव्याचं प्रकरण धरलंय, आधी नव्हतं. आणि त्यासाठी तुमच्याकडे एक मागणं आहे. घरात कुणी आजोबा, मामा, शेजारी बँडमध्ये किंवा ऑर्केस्ट्रात ट्रॉम्बोन वाजवायचे असतील आणि माळ्यावर त्यांचे कागद असतील तर टाकू नका, आणि कृपा करून स्वच्छ करायच्या नादात पेन्सिलच्या खुणा खोडू नका. फोटो काढताना पान सपाट ठेवा, खिडकीचा उजेड बाजूने येऊ द्या, फ्लॅश मारला की पेन्सिल दिसत नाही. सुरांच्या डोक्यावर 1 ते 7 मधले आकडे दिसले तर ते पान आधी पाठवा.